‘उरलेली पट्टी मी कापून टाकली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना हातात टेप होती.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉग केबिन ही तुकडे जोडून शिवायच्या गोधडीची एक नक्षी. तिचा चौकोन म्हणजे मधे एक छोटा चौकोन आणि त्याच्या चारही बाजूंनी फिरत जाणाऱ्या पट्ट्या, निम्म्या फिक्या, निम्म्या गडद. माझ्या लेखात मी लिहिलं होतं, पट्ट्या आधीच मापाने कापून ठेवा, म्हणजे चूक होत नाही. ताईंनी आईच्या जुन्या साड्यांतून, नातवाच्या दुपट्यासाठी, तसे १२ चौकोन शिवले. साडेआठ इंचाचा व्हायचा तो कुठे आठ झाला, कुठे पावणेआठ. त्या लिहितात, “प्रत्येक वेळी पट्टी थोडी उरत होती, ती मी कापून टाकली. तरी जुळलं नाही. कागदावर शिवायच्या पद्धतीला तुम्ही ‘कागद फाडत बसायचा उद्योग’ म्हणता. स्वतः कधी केली आहे का? आमची आजी एकही पट्टी न मोजता गोधड्या शिवायची. त्या अजून टिकून आहेत.”

आधी त्या उरलेल्या पट्टीचं बोलू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मधला चौकोन अडीच इंच, पट्ट्या दीड इंच रुंद, फेऱ्या तीन. या चौकोनावर डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं तर मधला तुकडा आणि दोन्हीकडच्या तीन-तीन पट्ट्या लागतात, म्हणजे बोटाखालून ६ शिवणी जातात. माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, धरली आहे पाव इंच, शिंप्याच्या भाषेत दोन सूत. आता टीप अर्धा सूत आत पडली, तर? अर्धा सूत नुसत्या डोळ्याला कळतही नाही. पण ते दोन्ही कापडांचं जातं, म्हणजे एका शिवणीला एक सूत. सहा शिवणींना सहा सूत, पाऊण इंच. साडेआठातून पाऊण गेला की राहिले पावणेआठ. तुमचा सगळ्यात लहान चौकोन नेमका तेवढाच आहे ना?

म्हणजे पट्टी उरत होती ती जास्त लांब कापली गेली म्हणून नव्हे. चौकोन लहान होत चालला होता आणि पट्टी ते सांगत होती. पहिल्या फेरीत दोन सुतं उरली तेव्हाच थांबून टीप तपासायला हवी होती. तुम्ही ती कापून टाकलीत, हा तुमचा दोष नाही. मी लिहिलंच होतं की ‘चूक होत नाही’. लिहायला हवं होतं, ‘चूक लगेच कळते’. त्या दोन शब्दांच्या फरकात तुमच्या आईच्या साड्या कापल्या गेल्या, याचं मला खरंच वाईट वाटतंय. मूळ लेखातलं वाक्य आज बदलते.

टीप तपासायची रीत अगदी सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली तर मशीन आणि हात दोन्ही ठीक. कमी भरली तर माया जास्त जातेय. इस्त्रीने शिवण पूर्ण उघडली नाही, तरी दुमडीत कापड अडकून माप कमीच दिसतं, तेवढं बघा.

आता कागद. तुम्ही विचारलंत, कधी केली आहे का. केली होती, एकदाच, आणि वाईट केली होती. भर पावसाळ्यात, छपाईचा जाड कागद, मशीनचा टाका नेहमीसारखा लांब ठेवून. कागद फाडताना शिवणीच ताणल्या गेल्या, दोन ठिकाणी उसवल्या, आणि मी पद्धतीलाच नावं ठेवली. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर गेल्या आठवड्यात चार चौकोन पुन्हा केले. या वेळी पांढरा पतंगाचा कागद आणला (संक्रांतीचा उरलेला दुकानदाराने काढून दिला, रंगीत घेऊ नका, ओल्या हाताला रंग लागतो), सोळा नंबरची सुई, टाका दीड मिलिमीटरचा. कागदावर रेघा आखायच्या, कापड कागदाच्या खाली धरायचं आणि रेघेवरून टीप मारत जायची. पट्टी पाव इंच इकडेतिकडे कापली गेली तरी बिघडत नाही, कारण माप रेघ ठरवते. चारही चौकोन साडेआठ भरले. नक्षी आरशात पाहिल्यासारखी उलट्या अंगाने फिरते, पण सगळेच उलटे असले तर काही बिघडत नाही. या पद्धतीचे चौकोन साध्या पद्धतीच्या चौकोनांत मिसळायचे मात्र नाहीत.

‘उद्योग’ हा शब्द निम्मा मागे घेते. निम्माच, कारण कागद फाडायला मला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि जुन्या साडीच्या कडा त्या ओढाओढीत विसविशीत झाल्या.

मग आजीकडे वळावंसं वाटलं. तुमच्या आजीने पट्टी मोजली नसेल, मान्य. पण ती तुकडे हवेत जोडत नव्हती. खाली जुन्या लुगड्याचे, धोतराचे थर अंथरलेले असायचे, त्यावर ठिगळ ठेवायचं आणि धावदोऱ्याने खालच्या थरासकट शिवून टाकायचं. वरचा तुकडा कितीही ताणू दे, खालचं कापड त्याला जागेवर धरून ठेवतं. कागदाचं काम तेच, फक्त कागद शेवटी काढावा लागतो. म्हणजे तुमची आजी माझ्या नाही, तुमच्याही नाही, त्या कागदवाल्यांच्या बाजूची निघाली! अमेरिकेत १८६० नंतरच्या दशकांत लॉग केबिन घरोघर शिवलं जाऊ लागलं, तेव्हाही कित्येक बायका खाली साधं सुती कापड घेऊन त्यावरच पट्ट्या जोडत. थर इतके जाड व्हायचे की टाके घालण्याऐवजी जागोजागी गाठी मारून थर बांधून टाकत.

तेव्हा आता मला कुणी विचारलं की कोणती पद्धत धरू, तर मी आधी विचारीन, कापड कोणतं आहे. माझा लेख मी नव्या पॉपलीनवर लिहिला होता, कापड पेठेतून आणून, धुऊन, इस्त्री करून घेतलेल्या. ते कापड सांगितलं तसं वागतं. बोहारणीच्या हातून वाचवलेली मऊ साडी तसं वागत नाही. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं पुढे सरकतं, आणि तिरका कापलेला तुकडा तर इस्त्रीखालीही लांब होतो. अशा कापडाला आधार हवाच. कागद नको असेल तर मांजरपाट किंवा जुनं धोतर घ्या, त्यावर पेन्सिलीने रेघा आखा आणि पट्ट्या तिथेच शिवा. फाडायचं काही नाही. नवा मांजरपाट आधी धुऊन घ्या, आटतो. दुपट्याला एक थर जास्त झाला तर नाशिकच्या थंडीत बाळाची आई तक्रार करणार नाही.

तिसरीही एक पद्धत आहे, जिच्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. पट्टी लांबच्या लांब ठेवायची, टीप मारायची आणि मग चौकोनाच्या कडेला कापायची. शिंप्याकडच्या किंवा गंगेवरच्या (म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातल्या चिंध्या असल्या की ही भराभर होते. पण हिच्यात पट्टी नकळत ताणून बसते, आणि चौथ्या फेरीपर्यंत चौकोनाला झालर येते. मला वैयक्तिक आवडत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी करावी.

जाता जाता कापडाचा हिशोब, कारण तोही लेखात राहिला होता. अशा एका चौकोनाला फिक्या पट्ट्या एकूण ३० इंच लागतात आणि गडद ३६, कारण प्रत्येक वळणावर गडद पट्टी नंतर आणि बाहेरून येते. दोन्ही सारखं कापड घेतलं की गडद संपतं आणि आपण दुकानदारावर चिडतो. साडीतून पट्ट्या काढताना शक्यतो उभ्या धाग्याने फाडा. उभा धागा कमी ताणतो.

आता तुमचे १२ चौकोन. उसवू नका, जुनी साडी उसवताना सुईच्या भोकांपाशी विरते. सगळ्यात लहान चौकोन पावणेआठचा आहे. सगळ्यांना चारही बाजूंनी दोन इंच रुंदीच्या पट्टीची आणखी एक फेरी द्या. पावणेआठाचा पावणेअकरा होईल, बाकीचे त्याहून थोडे मोठे. मग मधला चौकोन मधोमध धरून सगळे साडेदहावर कापा. बाहेरच्या पट्ट्या कुठे थोड्या जाड, कुठे बारीक दिसतील. लांबून कळणार नाही. तीन बाय चार मांडले की शिवून ३० बाय ४० इंच होतं, बाळाच्या दुपट्याला पुरेसं. ही शेवटची पट्टी साडीच्या अंगातली घ्या, काठाची नको. काठ जाड असतो, सुई अडते, आणि काठाला जरतार असेल तर ती बाळाला टोचते.