यॉर्कशायर कप बंद करायला नको होता

शेजारच्या आजोबांनी परवा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर विकत मिळते तशी साधीच. मधली घडी झिजून विरलेली, आणि आतल्या पानावर दोन्ही संघांच्या नावांसमोर पेन्सिलीने आकडे मांडलेले. वेकफिल्ड ट्रिनिटी २९, शेफिल्ड ईगल्स १६. २९ च्या खाली दोन रेघा ओढलेल्या. तारीख १८ ऑक्टोबर १९९२, मैदान लीड्सचे एलंड रोड. रग्बी लीगच्या यॉर्कशायर कपचा हा अंतिम सामना, आणि त्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद झाली.

वेकफिल्डमध्ये राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली. रग्बी लीगचे वेळापत्रक फार भरगच्च झाले आहे अशी चर्चा इथे निघाली, की कोणीतरी हमखास म्हणतो की जुने काउंटी (म्हणजे परगण्याचे) कप बंद केले तेच बरे झाले. मला हे अजिबात पटत नाही आणि ते का पटत नाही, हे एकदा नीट मांडावे म्हणून ही पोस्ट लिहीत आहे.

मराठी मित्रांसाठी आधी थोडा खुलासा करतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी आपण पाहिली आहे, ती पंधरा जणांची रग्बी युनियन. उत्तर इंग्लंडची रग्बी लीग तेरा जणांची असते आणि तिचा जन्मच मजुरीच्या प्रश्नावरून झाला. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे खाणीतला किंवा गिरणीतला अर्धा दिवस बुडायचा. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना मिळावी, हे लंडनच्या मंडळींना मान्य नव्हते. म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडचे क्लब एकत्र आले आणि त्यांनी वेगळी संघटना उभी केली. पुढे दहा वर्षांनी, १९०५-०६ च्या हंगामात, यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन काउंट्यांचे स्वतंत्र कप सुरू झाले. पहिला यॉर्कशायर कप हंस्लेटने हॅलिफॅक्सला १३-३ असे हरवून जिंकला.

या स्पर्धांचे बळ त्यांच्या आटोपशीरपणात होते. हरलात की बाहेर, आणि सगळे काही शरद ऋतूत, मैदाने चिखलाने भरण्याच्या आधी उरकलेले. लीगच्या तक्त्यात पैसा आणि राखीव खेळाडू यांच्या जोरावर मोठा क्लब सात-आठ महिन्यांत वर येणारच. पण बाद पद्धतीत ओळीने तीन-चार रविवार चांगले गेले, तर एखाद्या लहान गावाचा क्लबही करंडकापर्यंत पोहोचतो. १९७७ साली कंब्रियातल्या वर्किंग्टनने लँकेशायर कपच्या अंतिम सामन्यात विगनला १६-१३ असे हरवले. (कंब्रियाचे क्लब लँकेशायर कपमध्येच खेळत.) दोन्ही कपच्या शेवटच्या चार वर्षांत ओल्डहॅम, सॅलफोर्ड, रॉचडेल, फेदरस्टोन हे क्लब अंतिम फेरीत पोहोचले होते. ते सगळे हरले हे खरे आहे, आणि एकट्या विगनने लँकेशायर कप २१ वेळा जिंकला हेही खरे आहे. पण रॉचडेलसारख्या गावातल्या माणसाला, आपला संघ सेंट हेलेन्सविरुद्ध करंडकासाठी मैदानात उतरलेला पाहायला मिळाला, तो याच स्पर्धेमुळे.

आता त्या शेवटच्या हंगामाबद्दल. अंतिम सामन्याच्या पाच दिवस आधी, मंगळवारी १३ ऑक्टोबरला, मंत्री मायकेल हेझल्टाइन यांनी देशातल्या ५० पैकी ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली होती. सुमारे ३०,००० माणसांच्या नोकऱ्या जाणार होत्या. वेकफिल्डचा सगळा परिसर खाणींवर जगलेला, आजोबाही त्यांतलेच. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, असे त्यांनी मला सांगितले. मुलाचा हात धरून ते रविवारी लीड्सला गेले, ते घरात बसवेना म्हणून. ट्रिनिटी हा १८७३ सालचा क्लब, आणि यॉर्कशायर कप त्याने १९६४ नंतर जिंकलेला नव्हता. दोनच वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात शेजारच्या कॅसलफोर्डने त्याला ११-८ असे हरवलेले. समोरचा शेफिल्ड ईगल्स तर १९८४ साली, फुटबॉलवेड्या शहरात स्थापन झालेला, जेमतेम आठ वर्षांचा क्लब. एक म्हातारा क्लब आणि एक पोरसवदा क्लब, दोघांनाही हा करंडक मनापासून हवा होता. आजोबा म्हणाले, "शिट्टी वाजली तेव्हा पोरगा नाचत होता आणि मी रडत होतो. कप जिंकला म्हणून की खाण गेली म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही."

त्याच दिवशी पेनाइन डोंगरांच्या पलीकडे, नोस्ली रोडवर, विगनने सेंट हेलेन्सला त्यांच्याच मैदानात ५-४ असे हरवले आणि लँकेशायर कपही तिथेच संपला. एका गुणाने निकाल लागलेला तो सामना ज्यांनी पाहिला, त्यांना ही स्पर्धा मरणपंथाला लागली होती असे कोणी सांगून पाहावे.

विरोधकांचे म्हणणे पोकळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. या अंतिम सामन्यांनंतर सहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, वेम्ब्लीवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ग्रेट ब्रिटनच्या संघात विगनचे अनेक खेळाडू होते, आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना १०-६ असा जिंकला. खेळाडूंच्या अंगावर किती भार टाकायचा, हा प्रश्न खराच होता. पण त्यावरचा उपाय म्हणजे खेळाडूंना आळीपाळीने विश्रांती देणे आणि लीगचे सामने कमी करणे. नेमकी लहान क्लबांना जवळची असलेली स्पर्धाच छाटून टाकणे हा उपाय नव्हे. मोठ्या क्लबांना जो सामना ओझे वाटत होता, तोच सामना लहान क्लबाच्या वर्षभराच्या गल्ल्यात मोठी भर घालणारा होता; निर्णय घेताना वजन कोणाच्या शब्दाला मिळाले, हे पुढच्या तीन वर्षांत सगळ्यांना दिसलेच. १९९५ च्या एप्रिलमध्ये सुपर लीग या नव्या वरच्या श्रेणीची योजना आली, तेव्हा कोट्यवधी पौंडांच्या करारापोटी वेकफिल्ड, कॅसलफोर्ड आणि फेदरस्टोन यांचा मिळून 'काल्डर' नावाचा एकच क्लब करावा, शेफिल्ड आणि डॉन्कास्टर एक करावेत, असा प्रस्ताव मांडला गेला. लोक रस्त्यावर उतरले, मैदानांवर फलक झळकले, आणि विलीनीकरण बारगळले. काउंटी कपसाठी मात्र असे कोणी रस्त्यावर उतरले नव्हते, याची मला खंत वाटते.

बाद स्पर्धेत लहान क्लब काय करू शकतो, ते शेफिल्डने १९९८ साली वेम्ब्लीवर विगनला १७-८ असे हरवून, चॅलेंज कप ही लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची बाद स्पर्धा जिंकून दाखवले. आणि ८ जून २०२४ रोजी त्याच वेम्ब्लीवर १८९५ कपच्या अंतिम सामन्यात पुन्हा वेकफिल्ड आणि शेफिल्ड समोरासमोर आले. ट्रिनिटीने ५०-६ असा विजय मिळवला. १८९५ कप ही वरच्या श्रेणीबाहेरच्या क्लबांसाठीची स्पर्धा, म्हणजे तीत लीड्स किंवा सेंट हेलेन्स भेटत नाहीत. माझे म्हणणे नेमके इथे आहे : लहानांचा वेगळा कप काढणे आणि लहान-मोठ्यांना एकाच काउंटीच्या कपमध्ये समोरासमोर उभे करणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

माझी सूचना साधी आहे. आता हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि त्याआधी क्लब सरावाचे सामने खेळतातच. जानेवारीतले हेच तीन-चार रविवार काउंटी कपला द्यावेत, सगळ्या श्रेणींचे क्लब त्यात असावेत, आणि पहिल्या फेरीत खालच्या श्रेणीतल्या क्लबालाच घरचे मैदान मिळावे. फेदरस्टोनला लीड्स आले, तर त्या दुपारी तिथे तिकीट मिळणार नाही. मी स्वतः जाईन, आणि आजोबांनी यायचे कबूल केले आहे.