बोटीतली रात्र वाया जाते का? लंडनच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईबाबांना घेऊन इंग्लंडमधल्या लीड्सहून रात्रीच्या बोटीने जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीपर्यंत गाडी नेली, त्या प्रवासावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून, गाडी रेल्वेवर चढवून, पस्तीस मिनिटांत पलीकडे फ्रान्सला जाता येत असताना मी लोकांना रात्रभर बोटीत बसवतो. वयस्कर माणसांना उत्तर समुद्रावर नेऊन त्यांचे हाल करतो. आणि व्हिसाचं ‘ज्याने त्याने आपापलं बघावं’ एवढ्या एका ओळीत उरकतो. त्या भरवशावर निघालेल्या तुमच्या सासूसासऱ्यांना बंदरावरून मागे फिरावं लागलं.

तिसऱ्या आक्षेपाचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून झालं ते असं: ते दोघं मुंबईहून आधी अ‍ॅमस्टरडॅमला उतरले, तीन दिवस राहिले आणि मग तुमच्याकडे आले. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) मुदत शिल्लक होती, मुक्कामाचे दिवसही शिल्लक होते. पण व्हिसावर प्रवेशांचा एक वेगळा रकाना असतो आणि त्यांच्या व्हिसावर तिथे ‘०१’ होतं. तो एक प्रवेश अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर वापरून झाला. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे लंडनला आल्यावर ते शेंगेनच्या बाहेर पडले, आणि पुन्हा आत जायला दुसरा प्रवेश हवा होता. त्या रकान्यात ‘०२’ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे कितीही वेळा) असतं तर अडचण आली नसती. बोटीवाले चेक-इनलाच हे बघतात, कारण चुकीच्या कागदांवर कुणी पलीकडे उतरलं तर त्याला परत आणायची जबाबदारी त्यांच्यावर येते. डोव्हरच्या बंदरात तर फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या जमिनीवरच पासपोर्ट तपासतात.

हे सगळं मला माहीत होतं. आईबाबांचा अर्ज भरताना याच रकान्यासाठी मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. लेख लिहिताना मात्र बोटीचं कौतुक सांगण्याच्या भरात ते राहून गेलं. तुमच्या सासूबाईंची मनापासून माफी मागतो. लेखात आता व्हिसाचा भाग सगळ्यात वर घेतला आहे.

आता बोगद्याचं. तुम्ही लंडनहून बघता, मी लीड्सहून, आणि सगळा फरक तिथेच आहे. बोगद्याची रेल्वे फोकस्टनहून सुटते, आणि लीड्सपासून फोकस्टन सुमारे ४२० किलोमीटर. लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गाला गर्दी नसली तरी पाच तास, आणि ती कधी नसते? पस्तीस मिनिटांची रेल्वे पकडायला मी आधी पाच तास चालवायचं, मग फ्रान्समध्ये कॅलेला उतरून ऱ्हाईनकाठच्या कोलोनपर्यंत आणखी चारशेच्या वर. उलट पूर्व किनाऱ्यावरचं हल हे बंदर माझ्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. संध्याकाळी गाडी बोटीत चढवायची, कॅबिनमध्ये झोपायचं, सकाळी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या युरोपोर्ट बंदरात उतरायचं. तिथून कोलोन सुमारे २८० किलोमीटर. एका बाजूने साडेचारशे किलोमीटर वाचतात आणि एका रात्रीचं हॉटेलही वाचतं. तुमच्या घरून निघायचं असतं तर मीही बोगदाच सुचवला असता, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण किलोमीटरपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. ब्रिटनची गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, आणि पलीकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. अशा गाडीत चालक रस्त्याच्या कडेच्या बाजूला बसतो. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरचं दिसत नाही, शेजारी बसलेल्याने बघून सांगावं लागतं. पहिल्या चौकात हात आपोआप डावीकडे वळायला बघतात. हे काम पाच तास गाडी चालवून दमलेल्या माणसाने संध्याकाळच्या अंधारात पहिल्यांदा करावं, की रात्रभर झोपून उठल्यावर सकाळच्या उजेडात? युरोपोर्टहून निघालं की ए-१५ महामार्ग लागतो आणि तो कंटेनरच्या ट्रकनी भरलेला असतो. मी पहिल्याच पंपावर गाडी थांबवली, दहा मिनिटं नुसता उभा राहिलो, मग पुढे निघालो. ती दहा मिनिटं काढता आली, कारण त्या दिवशी कुठे वेळेवर पोचायची घाई नव्हती. प्रवास आखताना मी आधी बोटीची वेळ धरतो आणि बाकीचे दिवस तिच्या पुढेमागे बसवतो. उतरल्याच्या दिवशी दीडशे किलोमीटरच्या वर काही ठेवत नाही. म्हणून आम्ही त्या दिवशी लिस या डच गावी ट्यूलिप बघून तिथेच राहिलो, कोलोन दुसऱ्या दिवशी.

आईबाबांच्या हालांबद्दल. आम्ही गुहागरचे. दापोलीला मावशीकडे जायचं म्हणजे धोपाव्याहून दाभोळला जंगलजेटी. बाबांनी आयुष्यभर स्कूटर, मग गाडी त्या बोटीत चढवली आहे. खाडीला वळसा घालायचा तर चिपळूणवरून किती फिरावं लागतं ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे गाडी बोटीत घालणं हा त्यांच्यासाठी हौसेचा विषय नाही, नेहमीचा रस्ता आहे. हलला रांगेत उभे असताना ते सारखे खाली उतरून बघत होते, ट्रक आधी घेतात की गाड्या.

पण खाडी वेगळी आणि उत्तर समुद्र वेगळा, इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. जाताना समुद्र शांत होता, येताना नव्हता, आणि आईला रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही. शक्य तर कॅबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. ज्यांना बोट लागतेच लागते त्यांनी बोगदाच धरावा, मग घर लीड्सला असो की ग्लासगोला.

आणखी एक, जे मी पहिल्या वेळी चुकलो: बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद होतो, सकाळपर्यंत खाली जाता येत नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिकीतल्या मोठ्या बॅगेत राहिल्या होत्या. बोटीवरच्या एका माणसाने सोबत येऊन त्या काढू दिल्या, पण त्याला ते करावं लागू नये. एका छोट्या पिशवीत औषधं, पासपोर्ट, रात्रीचे कपडे आणि चार्जर वेगळे काढूनच गाडी चढवा. गाडीचा अलार्म बंद करा. कुणाचे गुडघे दुखत असतील तर चेक-इनलाच सांगा, गाडी लिफ्टजवळ लावून देतात. गाड्यांच्या डेकवरून वर येणारा जिना कुठल्या रंगाचा ते लिहून ठेवा, म्हणजे सकाळी गाडी शोधावी लागत नाही.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई बरोबर असतील तर हे लागेलच. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही. म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड घरी. ताजी मिरची आणि कढीपत्ताही घरी. आईने दाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या घेतल्या, दशम्या दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवून. आणि परत येताना हॉलंडचं चीज आणायचं मनात असेल तर १२ एप्रिल २०२५ पासून तेही बंद आहे; तिथेच खाऊन यायचं.

कोलोन शहरात गाडी न्यायची तर कमी धूर सोडणाऱ्या गाडीला मिळणारा हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो, परदेशी गाड्यांनाही. तो घरूनच मागवून घ्यावा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासूबाईंना ट्यूलिप बघायचे होते ते राहिलेच. लिसमधली क्यूकेनहॉफची ट्यूलिपची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. पुढच्या वर्षी त्या येणार असतील तर शेंगेनचा अर्ज मुंबईतच करा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला एरवी पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतं. जास्त दिवस ज्या देशात राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि तो नेदरलँड्स असेल तर तुम्हाला हलपर्यंत यायची गरज नाही, लंडनला जवळ पडणाऱ्या हार्विच बंदरातून नेदरलँड्सच्या हूक ऑफ हॉलंडला दिवसाची बोट आहे, सुमारे सात तासांची. अर्जात प्रवेशांची संख्या विचारतात तिथे ‘एकापेक्षा जास्त’ भरा, आणि सोबतच्या पत्रात तारखांसह लिहा: मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, तिथून लंडन, लंडनहून बोटीने पुन्हा हॉलंड, परत लंडन. हातात व्हिसा आला की आधी तो रकाना बघा. बोटीचं तिकीट त्यानंतर काढा.