निळ्या झाकणाची बरणी

आज संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काचेची बरणी, निळं झाकण, झाकणाला पाडलेली भोकं आणि आत दहा-बारा काजवे. खाली लिहिलंय, 'भंडारदऱ्याहून पाहुणे आणलेत!' त्यावर सतरा बदाम. मी नुकतीच ऑफिसातून येऊन चहा टाकला होता, तो उतू गेला.

नाव घेत नाही. रोज लिफ्टमध्ये भेटायचंय.

पण पाहुणे? पाहुण्याला बरणीत कोंडून झाकण लावतात का आपल्याकडे?

आम्ही मागच्याच शनिवारी तिकडे होतो. फोटो टाकले होते, तुम्ही पाहिलेत. नाशिकहून सत्तरेक किलोमीटर, महामार्गाने घोटी, तिथून आत वळायचं, बारी गाव आलं की समोर कळसूबाई, मग शेंडी गाव. दोन दिवसांची सुट्टी आणि पावसाआधीचा तो चिकट उकाडा, म्हटलं जरा डोंगरात, पाण्याकाठी जाऊ. जलाशय तळाला गेला होता, काठाला नुसता भेगाळलेला चिखल. तरी छान वाटलं. रंधा धबधबा म्हणजे फक्त काळा कातळ होता, तो वगळला. धरणाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळातल्या गारव्यात सासूबाई तासभर डोळे मिटून बसल्या. मुक्काम एका मावशींच्या घरी. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि पानाच्या द्रोणात करवंदं.

जेवणं झाली तशी मावशी उठल्या आणि अंगणातला एकुलता एक दिवा बंद केला. सासूबाई म्हणाल्या, अहो, अंधारात कुणी पडेल. मावशी म्हणाल्या, "उजेड असला ना बाई, की त्यांना एकमेकाचं दिसत नाय."

एवढंच. व्याख्यान नाही, बोर्ड नाही.

मग दिसलं. घरामागे सादड्याचं झाड आहे. आधी एका फांदीवर ठिणग्या, मग पलीकडच्या, मग अख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. चमकत उडतात ते बहुतेक नर. मादी खाली कुठेतरी बसून त्यांना उत्तर देते. पंख फुटल्यावर त्यांच्या हाती मोजके दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. त्याआधी महिनोनमहिने मातीत अळी होऊन गोगलगायी खात काढलेले असतात. त्या मोजक्या दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आणि त्या मोजक्या दिवसांत आपण जातो. हेडलाइट लावून. स्पीकर लावून.

त्या रात्री मावशींच्या घरापुढच्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. एकाने डिपर मारून मारून झाडावर प्रकाश टाकला, पोरांना 'नीट' दिसावं म्हणून! अहो, काजवा उजेडात नीट दिसतो? पलीकडे तंबू, तंबूत गाणी, आणि अंडी जिथे घालायची त्याच मातीवर शंभर माणसांचे बूट. मी नेहमीप्रमाणे म्हणणार होते की हे मुंबई-पुण्याचे लोक, आपल्याकडे येऊन घाण करतात. मुलाने मोबाईलमधून डोकं वर काढून सांगितलं, "आई, नंबर प्लेट बघ." एमएच १५, म्हणजे आपलंच नाशिक. एमएच १५. मग एक एमएच ०४. मग परत एमएच १५.

हो, माहितीये, कुणीतरी लिहीलच की या गर्दीवर तिथल्या लोकांची चूल पेटते. पेटते. मावशींच्या लेकीची फी त्या दोन खोल्यांच्या भाड्यातून जाते, त्यांनीच सांगितलं. मान्य. आणि लहानपणी आपणही काडेपेटीत काजवे भरले होते, तेही मान्य. पण तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो हो.

मावशींचा तो दिवा काही डोक्यातून जात नाही. त्यांच्या अंगणातून ते धरण दिसतं. इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ ला पुरं झालं, ११ टीएमसीचं. ते पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं आणि मावशी सकाळी डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून वर चढत होत्या. आमच्या चिरंजीवांनी त्यातल्या दोन बादल्या आंघोळीला संपवल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. मला नंतर कळलं, तेव्हा भाकरीचा घास फिरायला लागला. ज्या बाईकडे पाणीही मोजून आहे, ती किड्यांसाठी अंगणातला दिवा घालवते. आणि आमच्या सोसायटीत जिन्यातले दिवे दिवसाढवळ्या जळतात.

आता खरं सांगते. वर गाड्यांना एवढं बोलले ना, त्या झाडाखाली पहिला फ्लॅश माझा होता. फोटो काढायला गेले, मोबाईल ऑटोवर, भक्कन उजेड. अख्खं झाड विझलं. एवढ्याशा सेकंदात. मावशींची नात माझ्या शेजारी उभी होती, पाच-सहा वर्षांची. तिने माझी ओढणी ओढली आणि हळूच म्हणाली, "आत्या, झाक ना." मी मोबाईल ओढणीत गुंडाळला. किती वेळ काहीच नाही. नवरा म्हणाला, चला, संपलं बहुतेक. नात म्हणाली, थांबा. थांबलो. मग खालच्या फांदीवर एक.

त्या रात्रीचा माझ्याकडे एकही फोटो नाही. तुम्ही लाइक केलेत ते सगळे दिवसाचे.

आणि त्या फोटोंखाली 'कुठे हे? नंबर पाठव ना' असं पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, तर याच बरणीवाल्या वहिनींनी. नंबर मीच दिला. वर लिहिलं, नक्की जा, मुलांना दाखवा. म्हणजे ती बरणी भरली वहिनींनी, पण वाट मी दाखवली. मावशींनी त्यांच्यासाठीही दिवा बंद केलाच असणार.

ग्रुपवर दोनदा टाइप करून खोडलं. सासूबाई मघापासून माझ्याकडे बघतायत. त्यांना व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही बरणी आपली आहे. गेल्या महिन्यात तू तक्कू नाही का दिलास हिला?"

निळं झाकण. बरोबर. आपलीच.

साडेनऊ झालेत. बरणी परत मागायला खाली चाललेय. मुलगा म्हणतोय मीही येतो, आणि जिन्यातले दिवे घालवत निघालाय.