बर्फात हात घातला की डोकेदुखी पळते? प्रयोग तसं म्हणत नाहीत

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय: ‘मेंदूला एका वेळी एकच वेदना कळते. डोकं दुखत असेल तर हात बर्फाच्या पाण्यात घाला, लक्ष तिकडे वळेल. जितका जास्त वेळ हात ठेवाल तितकी तुमची वेदनाशमनाची ताकद मोठी. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’

यातला खरा भाग आधी. दूरच्या जागची वेदना दुसरीला दाबते, हे 1979 मध्ये ल बार, डिकन्सन आणि बेसाँ यांनी उंदरांच्या मज्जारज्जूतल्या पेशींवर दाखवलं. माणसांतही ते दिसतं.

पण ‘एकच कळते’ कुठून आलं? माणसांवरची चाचणी अशी असते: एका हातावर उष्णतेची पट्टी लावून तापमान इतकं वाढवायचं, की माणूस 100 पैकी सुमारे 60 गुणांची वेदना सांगेल. मग दुसरा हात थंडगार पाण्यात, आणि पुन्हा तीच उष्णता. आता तो समजा 45 म्हणाला, तर फरक 15. एकच वेदना कळत असती तर आकडा शून्यावर यायला हवा होता. काहींचा तर उलट चढतो!

‘लक्ष वळतं’ हे निम्मं खरं. लक्षाचा वाटा असतोच, म्हणून तर अनेक प्रयोगशाळा हात पाण्यातून काढल्यावर दुसरं मापन घेतात, किंवा तुलनेसाठी कोमट पाणी वापरतात. माणसाच्या सांगण्यावरच विसंबायला नको म्हणून घोट्याजवळच्या नसेला विजेचा झटका देऊन मांडीच्या स्नायूत उमटणारी प्रतिक्षिप्त क्रियाही मोजतात. दूरच्या वेदनेने तीही मंदावते. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांत मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे मज्जारज्जूला वरून, मेंदूकडून येणारा लगाम लागतो. नुसतं लक्ष विचलित होणं एवढीच ही गोष्ट नाही.

सर्वांत फसवा मुद्दा ताकदीचा. हात किती वेळ ठेवला यावरून थंडी किती सोसवते ते कळतं; दुसरीकडची वेदना किती उतरली हे कळत नाही. चाचणीत मोजायची असते ती दुसरी गोष्ट. शिवाय पाणी ढवळलं नाही तर हाताभोवती कोमट थर साचतो आणि थंडीचा मारा सौम्य होतो, म्हणून प्रयोगशाळेत पाणी फिरतं ठेवतात आणि तापमान स्थिर राखतात. घरच्या भांड्यात यातलं काय होणार? एवढं करूनही एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक हलतो. गटांची तुलना करायला तो चालतो, एकट्या माणसावर शिक्का मारायला नाही.

उपाय म्हणून तर नकोच. हात बाहेर काढला की परिणाम साधारण काही मिनिटांत ओसरतो. थंड पाण्याने रक्तदाब चढतो, त्यामुळे अशा प्रयोगांत हृदयविकार असलेल्यांना किंवा थंडीने बोटं पांढरी पडणाऱ्यांना सहसा घेत नाहीत. मेसेजमध्ये ही अट कुठेच नाही.