बाग कशाला म्हणायचं, यावरून

काका, नमस्कार. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘हिमायतबागेत ना फुलं, ना बाकं, ना लेकरांना खेळायला काही. नुसती आंब्याची झाडं आणि रोपांचे वाफे. ही कसली ऐतिहासिक बाग? फिरायचं तर सिद्धार्थ उद्यानात जावं. आणि खाम नदीची घाण लेखातून बरी वगळली,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी खामेचं. तिथं तुमचं बरोबर आहे. नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीजवळ मी नाकाला पदर लावून उभी होते आणि लिहिताना नेमकं तेच गाळलं. त्या वाटेनं चालणाऱ्याला तो वास चुकत नाही, तेव्हा तो लेखात यायलाच हवा होता.

बागेचं मात्र मला पटलं नाही. तुम्ही जालन्याचे. तुमच्याकडं ‘त्यांची पाच एकर बाग आहे’ म्हटलं की डोळ्यांपुढं गुलाब येतात का? मोसंबीच येते. आपल्याकडं बाग म्हणजे फळझाडं, आणि मोगलांच्या बागांतही फळझाडांना मोठा मान होता. हिमायतबागेत आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे ती बाग अजून बागेचंच काम करते. बीबीच्या मकबऱ्याभोवतालची चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली मोगली बाग, आपण तिकीट काढून बघतो; इथून लोक कलमं घेऊन जातात आणि ती आपापल्या बांधावर लावतात. मी एवढं लांबण लावून लिहिलं ते यासाठीच.

आणि ही झाडं कशावर वाढली? मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि उत्तरेच्या डोंगरांकडचं भूमिगत पाणी नहरीनं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्यानं, गावात आणलं. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर पाणी चालत आलं. पुढं पाणचक्कीसाठीही तसंच आणलं. बंद नळातून कित्येक किलोमीटर आलेलं ते पाणी भिंतीतून वर चढतं आणि हौदात कोसळतं. हौदाखाली खांबांचं दालन आहे: वर पाणी, खाली गारवा. दिल्ली दरवाजाबाहेर सलीम अली सरोवर आणि हिमायतबाग समोरासमोर आहेत, तेही मला सहज घडल्यासारखं वाटत नाही.

काका, २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडं लोकांनी टँकर विकत घेऊन मोसंबी जगवली. तरी कितीतरी बागा उभ्या वाळल्या आणि पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या झाडांना कुऱ्हाड लावावी लागली. ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. म्हणून ‘नुसती झाडं’ हे शब्द तुमच्याकडून आले, याचं मला जास्त वाईट वाटलं.

लेकरांना सिद्धार्थ उद्यानात जरूर न्या, ती तिथं रमतात. पण मृगाचा पाऊस झाला की एकदा केशरची कलमं घ्यायला हिमायतबागेत या. गाडी लांब लावा आणि दिल्ली दरवाजापासून पायी या.