वडिलांनी पैसे दिले? आता सिद्ध करा!

घर घेताय? छान. सांगलीत विश्रामबागेत टू बीएचके बघून ठेवलाय, 'लोनचं टेन्शन घेऊ नका' असं बँकेतला गोड बोलणारा पोरगा सांगून गेलाय, आणि कमी पडतील ते पैसे वडील देणार आहेत. इथंच थांबा. आधी ते आपलेच वडील आहेत याचा पुरावा जमवा. मग ते पैसे त्यांचेच आहेत याचा. मग ते त्यांच्याकडे होतेच कसे, याचा. मी नुकताच यातून सुटलोय, म्हणून फुकट सल्ला देतोय.

गणित आधी समजून घ्या. कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. ४२ लाखांच्या फ्लॅटला ८ लाख ४० हजार तुमच्या खिशातले. मुद्रांक शुल्क, नोंदणी त्यात धरत नाहीत, ते वेगळं. पगारदार माणसानं एवढे पैसे साठवलेले असतात अशी सगळ्यांची समजूत आहे. आमच्या घरात ते फक्त आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, होते.

पैसे रोखीत घेऊ नका. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, मग देणारा सख्खा बाप का असेना. आरटीजीएस करा, चेक घ्या. बिल्डर 'थोडं वरचं रोखीत बघा की' म्हणेल तेव्हा हाच नियम त्यालाही ऐकवा. तो चहा मागवेल.

आई-वडिलांनी दिलेल्या भेटीवर इन्कम टॅक्स लागत नाही, रक्कम कितीही असो. ५० हजारांची मर्यादा परक्यांसाठी आहे. हे ऐकून निर्धास्त होऊ नका. बँकेची काळजी निराळीच आहे: हे पैसे भेट नसून उसने असले, आणि हप्त्याबरोबर पोरगं बापालाही पैसे फेडत बसलं तर? म्हणून वडिलांकडून लिहून घ्यायचं, 'सदर रक्कम मी परत मागणार नाही.' आबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी कवा मागितलंय?" हे उत्तर स्टॅम्पवर चालत नाही.

स्टॅम्पही शंभराचा नको. ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. विजयनगरला कोर्टाबाहेर मिळतो, रांगेसकट. खरं तर १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तूची भेट नुसती हाती सोपवली तरी पुरी होते. म्हणजे इंग्रज सरकारला जेवढं चाललं, तेवढं आमच्या शाखेला चाललं नाही. मसुदा बँकेचाच, इंग्रजीत. आबांना इंग्रजी येत नाही. त्या न वाचता येणाऱ्या कागदावर त्यांनी सही करून दिली, की मी हे सगळं वाचून, समजून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देतोय.

वडील आधारवर 'बापूसाहेब' आणि सातबाऱ्यावर 'बापूसो' असतील, तर दोन्ही एकच माणूस आहे असं लिहून द्यायला आणखी एक पाचशेचा काढून ठेवा.

आईच्या पाटल्या मोडणार असाल तर तिच्या लग्नातली सराफाची पावती शोधायला घ्या.

आता मुख्य सल्ला: वडील शेतकरी नसतील असं बघा. नोकरदार असले तर सोपं, पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, तो फॉर्म सोळा, द्या आणि सुटा. आमच्या आबांची तासगावकडं द्राक्षबाग. पैसे आले पतसंस्थेतल्या ठेवीतून. ठेवीची पावती दिली. पतसंस्थेचं पासबुक हातानं लिहिलेलं, म्हणून ई-स्टेटमेंट मागितलं. ते नाही म्हटल्यावर सही-शिक्क्याचा उतारा मागितला. तो नेला, तर ठेव ठेवायला पैसे कुठून आले? बेदाण्याच्या सौद्यातून. मग अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आणा. पट्टी आणली, तिच्यावरची शाई उडालेली. बरं, मग तीन वर्षांचे रिटर्न? अहो, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, आबांनी रिटर्न कशाला भरलं असतं? म्हणजे कायदाच सांगतो कर भरू नका, आणि भरला नाही म्हणून तुम्हीच डोळे बारीक करणार! ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, दावण्या रोग आला, रात्रीत उठून फवारण्या मारल्या, बाग वाचली, माल रॅकवर वाळवला, कोल्ड स्टोरेजचं भाडं भरलं आणि मग दर बघून विकला. याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, ते सांगा. आणतो.

हे सगळं ऐकून घेऊन साहेबांनी आबांना विचारलं, "काका, पण एवढे आणले कुठून?"

बास झाला सल्ला. काळ्या पैशाला आळा घालायचा तर कागद मागावेच लागतात, हे मलाही कळतं. मागा. पण एकदाच मागा, लेखी मागा आणि मराठीत मागा. दर खेपेला खिशातून नवीन कागदाचं नाव काढायचं, मधेच साहेब बदलले म्हणून फाइल पुन्हा पहिल्यापासून लावायची, आणि तोवर तिकडं बिल्डरची मुदत संपत आली तरी 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच सांगायचं, याला छाननी म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला कोणते कागद लागतात हे सांगलीतल्या शाखेला माहीत नसेल, तर कुणाला माहीत असणार? आणि सत्तरीच्या माणसाला उभं ठेवून चोराला विचारल्यासारखं विचारायचं नसतं. यादी छापा आणि भिंतीवर लावा. व्याजदराच्या पोस्टरला जागा मिळते ना?