फिनिश सैनिकाच्या हाती रशियन रायफल असणारच

‘ताल्विसोता’ या १९८९ सालच्या फिनिश युद्धपटातले तुकडे फिरत असतात आणि त्यांच्याखाली एक ठरावीक मजकूर चिकटवलेला असतो. त्याचा सारांश असा: फिनलंडवाल्यांनी १९३९-४०च्या सोव्हिएत हल्ल्याविरुद्ध लढलेल्या आपल्याच हिवाळी युद्धावर एवढा मोठा चित्रपट काढला आणि आपल्याच सैनिकांच्या हाती शत्रूच्या रायफली दिल्या. वास्तविक प्रत्येक फिनिश सैनिकाकडे सुओमी ही फिनिश बनावटीची सबमशीनगन (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) होती. रशियनांनी पुढे तीच जशीच्या तशी उचलून पीपीएसएच-४१ ही आपली सबमशीनगन बनवली. फिनिश नेमबाज सिमो हायहाने साध्या शिकारी बंदुकीने पाचशे सैनिक टिपले, आणि रणगाड्यांचा समाचार लाहतीच्या २० मिमी ‘हत्तीमार’ बंदुकीने घेतला.

ऐकायला झकास आहे. पण यातलं एकही विधान धड उभं राहत नाही. एक अर्धवट खरं आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी रायफली, कारण बाकीचे गैरसमज तिथूनच निघतात. १८०९ ते १९१७ फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. ६ डिसेंबर १९१७ला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा रशियन फौजा अजून देशातच तळ ठोकून होत्या. जानेवारी १९१८च्या अखेरीस गृहयुद्ध पेटलं आणि ‘पांढऱ्या’, म्हणजे सरकारच्या बाजूच्या लोकांनी ऑस्ट्रोबोथनिया प्रांतातल्या रशियन छावण्यांवर छापे घालून हत्यारं ताब्यात घेतली. चित्रपटातली माणसं कौहावाची, म्हणजे याच प्रांतातली. त्यांच्या हातात मोसिन-नागान ही रशियन रायफल असणं हा योगायोग नाही आणि वेशभूषा विभागाचा आळसही नाही. नव्या देशाच्या शस्त्रागाराची सुरुवातच झारच्या मालापासून झाली. पुढच्या वीस वर्षांत फिनलंडने पहिल्या महायुद्धानंतर युरोपभर पडून राहिलेल्या मोसिन रायफलीही विकत किंवा अदलाबदलीत गोळा केल्या. देश गरीब होता. नवी रायफल मुळापासून बनवण्यापेक्षा हे परवडणारं होतं.

मात्र ‘रशियन रायफल’ एवढं म्हणून थांबलं तर निम्मी गोष्ट सुटते. बोल्ट ज्यात मागेपुढे होतो तो पोलादी सांगाडा फिनलंडने जुनाच ठेवला. त्यावर रशियातल्या तुला किंवा इझेव्स्क कारखान्याचा शिक्का असायचा, कधी फ्रान्समधल्या शातेलरोचा, कधी अमेरिकेतल्या रेमिंग्टनचा, कारण झारने या रायफली तिकडूनही बनवून घेतल्या होत्या. बाकी जवळजवळ सगळं बदललं. नवी, जाड नळी बसवली. नेम धरायच्या पट्टीवरचे आकडे अर्शीनमध्ये होते (एक अर्शीन म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर). ते मीटरमध्ये केले. यातून लष्कराची एम/२७ आली, आणि सुओयेलुसकुंता या स्वयंसेवी नागरी दलाच्या एम/२८ व एम/२८-३० आल्या. लष्कर आणि नागरी दल यांचं रायफलीवरून एकमत होत नव्हतं, म्हणून एकाच छोट्या देशात एकाच रायफलीच्या दोन वेगळ्या सुधारणा समांतर चालल्या होत्या. असल्या भांडणाची आपल्याला नवलाई नसावी.

समोर लाल सैन्याकडे होती एम/९१-३०, त्याच घराण्यातली. म्हणून पडद्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. फरक बघायचा असेल तर नळीच्या टोकाकडे बघा. सोव्हिएत रायफलीवर पुढच्या खुणेभोवती गोल टोपी असते आणि लांब, टोकदार, चार कडांची संगीन. एम/२७वर त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे पोलादी पंख असतात आणि संगीन सुरीसारखी, आखूड. अर्थात सगळ्यांच्या वाट्याला सुधारलेली रायफल आलीच नाही; कित्येक जण जुनी लांब एम/९१ घेऊनच गेले. कित्येकांना तर गणवेशही मिळाला नव्हता: टोपीला बिल्ला, कमरेला पट्टा, बाकी कपडे घरचे. पंतप्रधान कायांदेर यांच्या नावाने सैनिक या थाटाला ‘कायांदेर मॉडेल’ म्हणत. ज्या सरकारकडे कोट नव्हते, त्याच्याकडे प्रत्येकासाठी मशीनगन कुठून येणार?

आणि सारखेपणाचा फायदाही होता. काडतूस दोन्हीकडे व्यवहारात तेच, त्यामुळे शत्रूकडून हाती लागलेल्या पेट्या सरळ आपल्या रायफलीत. फिनिश बनावटीची लाहती-सालोरान्ता एम/२६ ही हलकी मशीनगन नेमक्या कारागिरीची होती, पण २० गोळ्यांची आणि थंडी-घाणीत अडकणारी. सैनिक संधी मिळताच ती सोडून सोव्हिएत देगत्यारोव्ह उचलत, जिच्या डोक्यावर ४७ गोळ्यांची चपटी थाळी असे. तिला त्यांनी लाडाने ‘एम्मा’ नाव दिलं होतं. मॅक्सिम या जड मशीनगनचंही तसंच: बंदूक झारकाळातली, पण फिनिश एम/०९-२१ तिपाईवर बसते, सोव्हिएत मॅक्सिम चाकांच्या गाड्यावर. फिनिश एम/३२-३३मध्ये पाण्याच्या नळकांड्याला मोठं तोंड केलं होतं, बर्फ थेट आत कोंबता यावा म्हणून. युद्धानंतर सोव्हिएत मॅक्सिमलाही तसंच तोंड आलं. नक्कल शोधायचीच असेल तर ती अशा ठिकाणी सापडते.

आता सुओमी. फिनिश शस्त्ररचनाकार आयमो लाहतीची ही बंदूक १९३१मध्ये सेवेत आली आणि ती खरंच उत्तम होती. पण ३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत हल्ला झाला तेव्हा फिनलंडकडे अशा सुमारे ४,००० होत्या आणि फौज तीन लाखांच्या घरात. म्हणजे पाऊणशे माणसांमागे जेमतेम एक. पडद्यावर सुओमी दिसते, तिचा आवाज लक्षात राहतो, म्हणून ती सगळीकडे होती असं वाटतं. जंगलात, जवळून, अचानक वापरली की एकीचा धाक दहांएवढा बसे, हे मान्य. पण दहा नव्हत्या.

आणि हे ते अर्धवट खरं विधान. सुओमीची ७१ गोळ्यांची गोल डबी सोव्हिएत अभियंत्यांनी उचलली, यात शंका नाही. पीपीडी-४० आणि पीपीएसएच-४१ची डबी तिच्यावरूनच आली. त्याहून मोठी उचल विचाराची होती. सोव्हिएत सैन्याकडे देगत्यारोव्ह या अभियंत्याची पीपीडी ही सबमशीनगन १९३०च्या दशकाच्या मध्यापासून होती, पण १९३९च्या सुरुवातीला ती निरुपयोगी ठरवून गोदामात टाकली होती. फिनलंडच्या जंगलात सुओमीचा मारा खाल्ल्यावर ती घाईघाईने बाहेर काढावी लागली.

बंदूक मात्र वेगळीच आहे. सुओमीचा सांगाडा भरीव पोलादातून कोरून काढलेला. महाग आणि वेळखाऊ. सोव्हिएत अभियंता श्पागिनने पीपीएसएच पत्रा दाबून, वेल्डिंग करून बनवली. तिचं आवरण बिजागरीवर उघडतं. एकीचं काडतूस ९ मिमी, दुसरीचं ७.६२. सुओमीचा कॉकिंग खटका मागे असतो आणि गोळीबारात हलत नाही. पीपीएसएचचा बोल्टलाच जोडलेला, तो बोल्टबरोबर धावतो. परिणाम आकड्यांत दिसतो: सुओमी सुमारे ८०,००० बनल्या, पीपीएसएच पन्नास लाखांहून जास्त. जशीच्या तशी नक्कल केली असती तर हे जमलंच नसतं. शिवाय १९४४मध्ये फिनलंडनेच सोव्हिएत पीपीएस-४३ ही सबमशीनगन घेतली, ९ मिमीची केली आणि केपी/४४ म्हणून बनवली. त्याबद्दल तो मजकूर गप्प आहे.

सिमो हायहाच्या ‘शिकारी बंदुकी’वर तर दावा स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. हायहा शेतकरी होता, पण नागरी दलात मुरलेला, स्पर्धांत पदकं मिळवणारा नेमबाज. त्याची रायफल एम/२८-३०, म्हणजे वर सांगितलेल्या मोसिन घराण्यातलीच. ज्या रायफलीला मजकूर चित्रपटाची चूक म्हणतो, तीच त्याच्या नायकाच्या खांद्यावर. दुर्बीण त्याने वापरली नाही हे खरं आहे: तिच्यातून बघायला डोकं वर काढावं लागतं, काचेवर दहिवर धरतं, ऊन चमकतं. आणि त्याच्या नावावरचे सगळेच बळी रायफलीचे नाहीत, तो सुओमीही चालवत होता.

हत्तीमार बंदूक चटकन निकालात निघते. लाहती एल-३९चे चाचणीचे एखाद-दोन नमुने सोडले तर हिवाळी युद्धात ती नव्हतीच. कारखान्यातून ती नंतर आली. रणगाडे थांबवले ते शंभरेक ३७ मिमी बोफोर्स तोफांनी (होय, त्याच कंपनीच्या), स्फोटकांच्या गाठोड्यांनी आणि पेटत्या बाटल्यांनी. बाटल्या भरल्या जात रायामॅकीच्या सरकारी दारू कारखान्यात, लाखोंनी.

चुका पकडायची हौस असेल, तर या किंवा हिवाळी युद्धावरच्या कुठल्याही चित्रपटात पुढच्या गोष्टी शोधा. सुओमीच्या नळीला पुढे फाकलेलं मझल ब्रेकचं (झटका कमी करणारं) तोंड दिसलं तर ते १९४२पासूनचं. लाकडावर किंवा नळीवर फिनिश लष्कराचा चौकटीतला ‘एसए’ शिक्का, तोही १९४२चा. जाडजूड दस्त्याची एम/३९ ही मोसिन घराण्यातली पुढची फिनिश रायफल मार्च १९४०पर्यंत आघाडीवर जवळजवळ पोचलीच नव्हती. सोव्हिएत सैनिकाच्या हातात एसव्हीटी-३८ ही अर्धस्वयंचलित रायफल चालेल, एसव्हीटी-४० नाही. आणि सुओमीखाली ३६ गोळ्यांचं सरळ मॅगझिन लटकत असेल, तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे.